‘ले व्हांपीर’ (१९१५-१६) : जाहिरात, बंदी आणि प्रेक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांवर लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त पत्रं ज्या गुन्हेपटाबद्दल येतात तो हा. तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारले जातात, म्हणून उत्तरं एका जागी केली आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, खोलातले पुढे. चित्रपट अजून पाहिला नसेल तर प्रश्न ११ शेवटी वाचा. त्यात शेवट सांगितला आहे.

१. नावावरून भुताखेतांचा, रक्तपिपासूंचा सिनेमा वाटतो. तसाच आहे का?

नाही. यातले ‘व्हांपीर’ म्हणजे पॅरिसमधली दरोडेखोरांची आणि खुन्यांची टोळी. अंगभर काळे कपडे, डोक्यावर काळा बुरखा, छपरांवरून आणि भिंतींवरून ये-जा. त्यांच्या मागावर असतो ‘ल मोंदियाल’ नावाच्या दैनिकाचा बातमीदार फिलीप गेराँद. ही भूमिका एदुआर माते या नटानं केली. त्याचा साथीदार माझामेत आधी टोळीतलाच असतो, मग बाजू बदलतो. मार्सेल लेव्हेकनं तो विनोदी ढंगानं रंगवला आहे. दिग्दर्शक लुई फयाद, कंपनी गोमाँ. याच फयादनं १९१३-१४ मध्ये ‘फाँतोमास’चे पाच चित्रपट केले होते आणि ते जोरात चालले होते. त्यामुळे गुन्हेगाराला केंद्रस्थानी ठेवून गल्ला भरता येतो हे गोमाँला पक्कं ठाऊक होतं.

२. हा एक चित्रपट आहे की मालिका?

दहा भागांची चित्रमालिका. सगळे भाग जोडले तर सात तासांच्या आसपास जातात. पहिले दोन भाग १३ नोव्हेंबर १९१५ ला एकत्र आले, दहावा ३० जून १९१६ ला. मात्र ‘दर आठवड्याला पुढचा भाग’ असं काही नव्हतं. तिसरा ४ डिसेंबरला, चौथा ७ जानेवारीला, पाचवा २८ जानेवारीला आणि सहावा थेट २४ मार्चला. लांबीचंही तेच. दुसरा भाग जेमतेम पाव तासाचा, तर सहावा आणि दहावा जवळपास तासाभराचे. नट युद्धावर बोलावले जात होते, फयाद कथा जमेल तशी पुढे रचत होता. हा ओबडधोबडपणा पडद्यावर दिसतो, आणि मला तो आवडतो. पुढच्या क्षणी काय होईल हे करणाऱ्यालाच पुरतं ठाऊक नाही, ही भावना प्रेक्षकापर्यंत थेट पोचते.

३. प्रदर्शनाआधी जाहिरात नेमकी कशी केली होती?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तरही त्या तोलाचं आहे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये पॅरिसच्या भिंतींवर एक पोस्टर लागलं. त्यावर बुरखा घातलेले चेहरे आणि गळ्यात फास अडकवावा तसं प्रश्नचिन्ह. सोबत चार प्रश्न : कोण? काय? कधी? कुठे? कथेचा सारांश नाही, खुनाचं दृश्य नाही, नायकाचा रुबाब नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला एवढंच कळायचं की काहीतरी येतंय आणि ते चांगलं नाही. त्याच सुमारास सकाळच्या वर्तमानपत्रांत एक छोटी कविता झळकली. चांदणं नसलेल्या रात्रींचे हे राजे, काळोख हे त्यांचं साम्राज्य, मृत्यू घेऊन आणि दहशत पेरत ते येतात, असा तिचा सूर होता. तीही उत्तर देत नव्हती. भिंतीवरचं कोडं फक्त घरात आणून सोडत होती.

या पोस्टरचं मोठेपण मला त्या फासात दिसतं. प्रश्नचिन्हाचा बाक आणि दोरीचा बाक एकाच रेषेत काढला आहे. न्याय आणि रहस्य, शिक्षा आणि कुतूहल या दोन्ही गोष्टी चित्रकारानं एका आकारात बसवल्या. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते चित्र कळत होतं. भित्तिपत्रकांचं शहर म्हणून पॅरिसची ख्याती आधीपासूनच होती. तिथे शेकडो रंगीत कागदांच्या गर्दीत नजर खेचून घ्यायची तर माहिती कमी आणि ओढ जास्त हवी, हे गोमाँच्या माणसांनी अचूक ओळखलं.

प्रेक्षकाला काय सांगायचं नाही हे या जाहिरातीनं आधी ठरवलं. आजच्या ट्रेलरमध्ये निम्मी कथा सांगून टाकणाऱ्यांनी हे पोस्टर टेबलासमोर लावून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

४. एवढी घाईगर्दी कशासाठी? युद्ध संपेपर्यंत थांबता आलं नसतं का?

कारण पाथे ही प्रतिस्पर्धी कंपनी. पाथेच्या अमेरिकन शाखेत बनलेल्या, पर्ल व्हाईट या नटीच्या साहसमालिका नव्यानं जुळवून ‘न्यूयॉर्कची रहस्यं’ या नावानं फ्रान्समध्ये आणायची तयारी चालली होती. गोमाँला त्याआधी मैदानात उतरायचं होतं. फयाद १९१५ च्या उन्हाळ्यात सैन्यातून मोकळा होऊन परतला आणि कामाला लागला. तारखा पाहिल्या की चुरस लक्षात येते. ‘ले व्हांपीर’चे पहिले दोन भाग १३ नोव्हेंबरला, पाथेच्या मालिकेचा पहिला भाग ३ डिसेंबरला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ४ तारखेला, ‘ले व्हांपीर’चा तिसरा भाग. तिसऱ्यात काय होतं ते प्रश्न ६ मध्ये.

५. कथा वर्तमानपत्रात क्रमशः छापून येत होती असं वाचलं. खरं का?

पाथेच्या मालिकेची येत होती, ‘ले व्हांपीर’ची नाही. ही गल्लत फार ठिकाणी होते. पाथेनं ‘ल मातँ’ या मोठ्या दैनिकाशी हातमिळवणी केली होती. पिएर दकुर्सेल हा मुरलेला कादंबरीकार रोज मजकूर लिहायचा, लोक तो वाचायचे आणि मग तोच भाग चित्रगृहात बघायला जायचे. वाचक आणि प्रेक्षक एकमेकांना वाढवत होते. ‘ले व्हांपीर’च्या पाठीशी असं दैनिक नव्हतं. तिची कथा जॉर्ज मेर्सच्या हातून ताल्लांदिए प्रकाशनाच्या पुस्तिकांच्या रूपानं आली. पुस्तिका पैसे देऊन घ्यावी लागते, दैनिक तर सकाळी घरात येतंच. म्हणून गोमाँचा भार भिंतींवर पडला. पुढच्या खेपेला त्यांनी ही उणीव भरून काढली, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. चित्रपट म्युझिदोरामुळे गाजला म्हणतात. मग पहिल्या जाहिरातींत तिला का पुढे केलं नाही?

कारण पहिल्या दोन भागांत ती नाहीच. तिची इर्मा व्हेप येते तिसऱ्या भागात. म्हणजे ज्या चेहऱ्यानं हा चित्रपट शंभर वर्षं लक्षात राहिला, त्याच्याशिवाय तो सुरू झाला होता.

तिचा प्रवेश बारकाईनं पाहण्यासारखा आहे. गेराँद एका हलक्या दर्जाच्या कॅबरेपाशी येतो. दाराबाहेर गायिकेची जाहिरात लावलेली आहे, तिचं चित्र आणि नाव : इर्मा व्हेप. तो टक लावून पाहतो आणि नावातली रोमन अक्षरं जागा सोडून हलायला लागतात, एकेक करून नव्या क्रमानं लागतात आणि टोळीचं नाव तयार होतं. चित्रपटानं आपल्या जाहिरातीची युक्ती इथे कथेच्या आत आणली आहे. रस्त्यावरच्या पोस्टरनं प्रेक्षकाला प्रश्न घातला होता. पडद्यावरचं पोस्टर त्याच्या डोळ्यांसमोर उत्तर देतं.

म्युझिदोराचं मूळ नाव झान रोक. ती पॅरिसच्या संगीतिका-रंगभूमीवरची कलाकार होती, त्यामुळे शरीर कसं वापरायचं ते तिला शिकवावं लागलं नाही. काळ्या रेशमी, अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखात ती चोरी करते, भिंतीवरून उतरते, कैद होते, सुटते. मोलकरीण, टंकलेखिका, सरदार घराण्यातला तरुण अशी सोंगंही घेते. टोळीचे म्होरके एकामागून एक मरतात आणि ती उरते. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं यात नवल नाही.

७. पोलिसांनी बंदी घातली होती हे खरं आहे की जाहिरातीसाठी उठवलेली आवई?

बंदी खरी होती, पण तात्पुरती. गुन्हेगार देखणे आणि हुशार, पोलीस मात्र कायम एक पाऊल मागे आणि बहुतेक वेळा बावळट. असं चित्र पॅरिसच्या पोलीस प्रशासनाला रुचलं नाही आणि काही भाग अडवले गेले. म्युझिदोरा स्वतः पोलीसप्रमुखांना भेटायला गेली आणि तिच्या बोलण्यानं बंदी उठली, अशी हकीकत नेहमी सांगितली जाते. तिच्यावर सिनेमाई वर्ख चढलेला आहे, तेव्हा ती हकीकत म्हणूनच ऐकावी.

सरकारच्या मनात मात्र त्या काळी सिनेमाबद्दल खरोखरची धास्ती होती. १९१२ मध्येच अनेक शहरांच्या महापौरांनी गुन्हेपटांवर स्थानिक बंदी घातली होती. १६ जून १९१६ ला गृहमंत्रालयानं चित्रपट तपासण्यासाठी आयोग नेमला. दहावा भाग त्यानंतर दोनच आठवड्यांनी लागला.

८. ही टोळी खऱ्या टोळीवर बेतलेली आहे का?

थेट नाही, पण प्रेक्षकांच्या डोक्यात एक टोळी ताजी होती. २१ डिसेंबर १९११ ला पॅरिसच्या ऑर्देनेर रस्त्यावर बँकेच्या माणसाला लुटून दरोडेखोर मोटारीतून पळाले. पुढे त्यांना बोनो टोळी म्हणून ओळखलं गेलं. पोलिसांकडे घोडे आणि सायकली, चोरांकडे मोटार, या विषमतेनं सगळा देश हादरला होता. एप्रिल १९१२ मध्ये बोनोला घराला वेढा घालून मारलं, त्याच वर्षी एक्लेर कंपनीनं त्या प्रकरणावर चित्रपट काढले आणि बंद्या सुरू झाल्या (प्रश्न ७). फयादच्या टोळीत ती मोटार आहे, ती बेदरकार वृत्ती आहे, आणि सभ्य वस्तीतला शेजारीच दरोडेखोर निघेल ही धाकधूक आहे.

९. माणसं आघाडीवर मरत होती आणि लोक खुनाचे सिनेमे बघत होते? हे पटत नाही.

हा प्रश्न बहुतेक वेळा रागानं विचारला जातो, आणि तो राग मला समजतो. पण तेव्हाचं पॅरिस डोळ्यांपुढे आणा. ऑगस्ट १९१४ मध्ये चित्रगृहं बंद झाली होती, पुढे हळूहळू उघडली. घरोघरचे पुरुष खंदकात, बायका कारखान्यात, रजेवर आलेला सैनिक चार दिवसांचा पाहुणा. पाचव्या आणि सहाव्या भागाच्या मधल्या काळात, २१ फेब्रुवारी १९१६ ला, व्हर्दंची लढाई सुरू झाली.

चित्रपटात युद्धाचा उल्लेख जवळपास नाही. तरी ते सगळीकडे आहे. रस्ते विलक्षण ओस दिसतात, कारण ते खरोखर ओस होते. पाचव्या भागात एका बड्या मेजवानीत पाहुण्यांना सुगंधाच्या नावाखाली गुंगीचा वायू सोडून बेशुद्ध करतात आणि लुटतात. आदल्याच वर्षी, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी विषारी वायू सोडला होता. सातव्या भागात भर शहरात खोलीतून तोफ डागली जाते. हे बघणाऱ्या बाईला काय आठवत असेल ते सांगायला नको. लोक युद्ध विसरायला गेले असं म्हणणं फार सोपं आहे. घरात ज्या भीतीबद्दल बोलता येत नव्हतं, ती तिथे सगळ्यांबरोबर बसून पाहता येत होती, असं मी म्हणेन.

१०. समीक्षकांनी काय म्हटलं होतं?

झोडपलं. ‘एब्दो-फिल्म’ या व्यावसायिक साप्ताहिकानं १९१६ मध्ये लिहिलं त्याचा आशय असा : गोमाँला कीर्ती मिळवून देणाऱ्या कलावंत माणसानं, अभिरुची असलेल्या सर्वांनी कधीच निकालात काढलेल्या या रोगट प्रकाराकडे पुन्हा वळावं हे न सुटणारं कोडं आहे.

हा नुसता नाकं मुरडण्याचा प्रकार नव्हता. १९०८ पासून फ्रेंच सिनेमा नाटकाच्या आणि साहित्याच्या पंगतीला बसण्यासाठी धडपडत होता. खुद्द फयादनं १९११ मध्ये रोजच्या जगण्याचं खरं चित्रण करणाऱ्या चित्रपटांची मालिका काढून त्यात वाटा उचलला होता. अशा माणसानं स्वस्त कादंबऱ्यांच्या वाटेनं जाणं म्हणजे मिळवलेली इज्जत उधळणं, असं त्यांना वाटलं. लुई देल्युकसारखा जाणता समीक्षकही पुढे फयादच्या चित्रमालिकांवर तुटून पडला. त्यांची काळजी प्रामाणिक होती. पण डोळ्यांसमोर काय घडतंय ते त्यांना दिसलं नाही, आणि तिकीट काढून बसलेल्यांना ते दिसलं, असं माझं ठाम मत आहे.

११. प्रेक्षक खलनायिकेच्या बाजूचे होते, मग शेवट तसा का?

*(इथे शेवट उघड होतो.)* दहाव्या भागात टोळीच्या लग्नसोहळ्यावर पोलिसांची धाड पडते आणि इर्मा व्हेपला गेराँदची पत्नी गोळी घालते. कायद्याचा विजय दाखवणं त्या काळी टाळता येण्यासारखं नव्हतं, त्यात आयोगही नुकताच बसला होता (प्रश्न ७). पण किती वेळ कोणाला दिला ते पाहा. गुन्हेगारांना सात तास, न्यायाला शेवटची काही मिनिटं. लोक काय घेऊन घरी गेले ते या हिशोबावरूनच कळतं.

१२. फयादनं टीका मनावर घेतली का?

काही अंशी. त्याची पुढची मोठी मालिका ‘झ्युदेक्स’ १९१६ मध्ये चित्रित झाली आणि जानेवारी १९१७ पासून लागली. तिच्यात काळा झगा घातलेला, गुप्त तळघर असलेला माणूस आहे, पण तो अन्याय निवारणारा. म्युझिदोरा पुन्हा खलनायिका. जाहिरातीतही सुधारणा झाली. दहा लाखांहून जास्त खपाच्या ‘ल प्ती पारिझियँ’मध्ये आर्थर बेर्नेदची कादंबरी सोबत चालू होती. म्हणजे पाथेची युक्ती (प्रश्न ५) उचलली आणि नीतीही सांभाळली. यश घवघवीत मिळालं. तरी दोन्ही लागोपाठ पाहिलेत तर ‘झ्युदेक्स’ जास्त नेटका आणि ‘ले व्हांपीर’ जास्त जिवंत वाटेल.

१३. मग याला थोर कलाकृती कोणी आणि कधी ठरवलं?

ज्यांनी तरुणपणी तो पाहिला त्यांनी. युद्धकाळात आंद्रे ब्रताँ नांतमध्ये वैद्यकीय सेवेत होता. तो आणि त्याचा मित्र झाक व्हाशे, काय लागलंय ते न बघता एका चित्रगृहातून दुसऱ्यात शिरत. पुढे अतियथार्थवादी चळवळीचा म्होरक्या झाल्यावर ब्रताँनं लुई आरागाँबरोबर म्युझिदोरासाठी एक नाटक लिहिलं, ते १९२९ मध्ये छापून आलं. या शतकाचं खरं वास्तव शोधायचं तर ते पर्ल व्हाईटच्या आणि व्हांपीरांच्या मालिकांमध्ये शोधावं लागेल, असं त्यात ठणकावून सांगितलं आहे. ‘एब्दो-फिल्म’च्या शेऱ्यानंतर जेमतेम तेरा वर्षांत निकाल उलटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर आँरी लांग्लवाच्या सिनेमातेकमध्ये, म्हणजे पॅरिसच्या चित्रपट-संग्रहालयात, फयादचे खेळ झाले आणि पुढच्या पिढीनं, विशेषतः दिग्दर्शक आलँ रेने यानं, त्याला गुरुस्थानी मानलं. म्युझिदोरा स्वतः उतारवयात याच सिनेमातेकमध्ये काम करत होती. ती १९५७ मध्ये गेली. फयाद १९२५ मध्येच वारला. हा सन्मान त्याला पाहायला मिळाला नाही, याची मला कायम खंत वाटते.

१४. इतर देशांत मूक गुन्हेपट असेच विकले जायचे का?

नाही, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत ‘ट्रॅफिक इन सोल्स’ (१९१३) हा स्त्रियांच्या व्यापारावरचा चित्रपट समाजप्रबोधन म्हणून विकला. रॉकफेलर यांच्या चौकशी अहवालावर आधारित आणि दोन लाख डॉलर खर्चून केलेला, असा गाजावाजा झाला. खर्च प्रत्यक्षात सहा हजारांच्याही आतला होता आणि रॉकफेलरनी संबंध जाहीरपणे नाकारला. गर्दी मात्र हटली नाही. जर्मनीत ‘डॉक्टर माबुझे’ (१९२२) हा बर्लिनच्या सचित्र साप्ताहिकात क्रमशः गाजलेल्या कादंबरीवर होता, आणि पहिल्या भागाच्या उपशीर्षकातच तो ‘काळाचं चित्र’ असल्याचं म्हटलं होतं. एकानं पुण्य विकलं, दुसऱ्यानं समकालीनता. गोमाँनं कोडं विकलं, आणि तिघांत खोटं न बोलता विकलं ते त्यांनीच.

१५. आपल्याकडे त्या काळात असं काही होतं का?

होतं, थोडं नंतर. ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला लागला आणि पहिला ‘फाँतोमास’ पॅरिसमध्ये ९ मे ला. एकाच आठवड्यात दोन शहरांत दोन टोकाची कथानकं. मुंबईत गुन्हेपट रुळला तो विसाच्या दशकात. कोहिनूर फिल्म कंपनीचा ‘काला नाग’ (१९२४) मुंबईतल्या दुहेरी खुनावर बेतलेला होता. त्याच कंपनीचा ‘कुलीन कांता’ (१९२५) बावला खून प्रकरणावर. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर झालेल्या त्या खुनाचे धागे इंदूरच्या होळकर दरबारापर्यंत गेले आणि तुकोजीराव होळकरांना पुढच्या वर्षी गादी सोडावी लागली. वर्तमानपत्रांनी जाहिरात आधीच करून ठेवलेली होती. चित्रपटाला फक्त लोकांची ओळख पटवायची होती. पॅरिसमध्ये बोनोनं जे केलं (प्रश्न ८) ते मुंबईत बावला प्रकरणानं केलं.

१६. पाहायला घेतला पण कथा कळत नाही, मधेच सोडून दिला. काय करू?

सात तास एका बैठकीत पाहू नका. तो तसा पाहण्यासाठी केलेला नाही. प्रेक्षकांना दोन भागांमध्ये कित्येक आठवडे मिळत होते. एका वेळी एकच भाग पाहा. पहिल्या भागानं पकड घेतली नाही तर सरळ तिसऱ्यापासून सुरू करा, मग सहावा, मग मागे या.

कोणती प्रत पाहता हेही महत्त्वाचं. जी प्रत टिकून राहिली तिच्यात मधल्या पाट्या (संवाद आणि कथा सांगणारा लेखी मजकूर) नव्हत्या. सिनेमातेकमध्ये कित्येक वर्षं ती तशीच दाखवली गेली आणि लोक अंदाजानं कथा लावत. फयादचा नातू झाक शांप्र्यो याच्या देखरेखीखाली पुनर्संस्करण झालं, त्यात पाट्या परत बसवल्या. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या काही प्रती चुकीच्या वेगानं चालतात, माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. तसं दिसलं तर ती प्रत बंद करा आणि दुसरी शोधा. योग्य वेगात म्युझिदोरा खोली ओलांडते तेव्हा तिला कसलीही घाई नसते, आणि तिची भीती वाटते ती त्यामुळेच.